आरपार दिसणारा कप्पा

मॉडेल रॉकेटच्या पोटात बहुतेक वेळा काहीही नसतं. खाली बोटाएवढी मोटर, मध्ये घडी घातलेलं पॅराशूट, वर नोज कोन आणि बाकी सगळी पुठ्ठ्याची पोकळ नळी. बटण दाबलं की रॉकेट सणसणत वर जातं, शेंड्याला पोचून मंदावतं, फट्‌कन आवाज होऊन पॅराशूट उघडतं आणि डुलत डुलत खाली येतं. पहिल्या काही उड्डाणांना एवढं पुरतं. मग कुणीतरी, बहुधा बघायला आलेलं एखादं लहान मूल, विचारतं की हे वर जाऊन करतं काय?

पेलोड-कप्पा हे त्या प्रश्नाचं उत्तर. नोज कोन आणि मुख्य नळी यांच्यामध्ये वीतभर लांबीची आणखी एक नळी बसवायची आणि तिच्यात काहीतरी ठेवायचं. ही नळी पारदर्शक प्लास्टिकची असली की आतलं सामान बाहेरून दिसतं. खोक्यावरच्या चित्रात हा भाग निव्वळ शोभेचा वाटतो. पण तो बसवला की रॉकेटचं वजन बदलतं, तोल बदलतो, वाऱ्यातलं वागणं बदलतं, उतरण्याची तऱ्हा बदलते आणि जुळून आलेलं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. या छंदात माणसं मोठ्या मोटरच्या मागे लागतात. मला विचाराल तर मोटर तीच ठेवून हा कप्पा जोडावा. रॉकेटशास्त्र त्यातून जास्त कळतं.

हा छंद मूळचा अमेरिकेतला. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं आणि फावल्या वेळचा नाद शोभेच्या दारूचा. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना विमानांच्या मॉडेल्सचा शौक. दोघांनी १९५४ मध्ये एक छोटं रॉकेट बनवलं, ज्यातली वापरलेली मोटर काढून नवी घालता येई आणि जे पॅराशूटने सुखरूप खाली येई. नाव ठेवलं ‘रॉक-अ-शूट’. १९५७ मध्ये व्हाइट सँड्‌सच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांचा, घरच्या घरी रॉकेट बनवण्यातल्या धोक्यांकडे लक्ष वेधणारा लेख कार्लाइल यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपली मॉडेल्स स्टाइनना पाठवून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं. स्टाइन यांनी डेन्व्हरमध्ये कंपनी काढली, शौकिनांची राष्ट्रीय संघटनाही उभी केली. मोटरी पुरेनात, म्हणून व्हर्न एस्टेस या तरुणाने १९५९ मध्ये त्या आपोआप भरणारं यंत्र बनवलं. यंत्राचं नाव ‘मेबल’. पुढे एस्टेसच्याच नावाची कंपनी या धंद्यात सगळ्यांच्या पुढे गेली.

रॉकेट हाती आलं तसं त्यात काय घालून पाठवायचं यावरही डोकी चालू लागली. एस्टेसने १९६५ मध्ये ‘कॅमरॉक’ नावाचा कॅमेरा काढला. एका उड्डाणात एकच फोटो. पुढे ‘सिनेरॉक’ हा चलच्चित्र घेणारा कॅमेरा आला. स्पर्धा घेणाऱ्यांना मात्र सगळ्यांना सारखं ओझं हवं होतं, म्हणून त्यांनी एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमची, शिशाची वडी ठरवून दिली. पुढे शिसं जाऊन त्याच वजनाची वाळू भरलेली नळकांडी आली. कोंबडीचं कच्चं अंडं न फोडता वर पाठवून खाली आणण्याची स्पर्धा तर आजही अमेरिकेतल्या शाळकरी मुलांमध्ये दरवर्षी रंगते.

पारदर्शक कप्प्यात टोळ आणि रातकिडे घालून उडवायचाही एक काळ होता. त्याला माझा साफ विरोध आहे. सी६ जातीच्या मोटरीचा सुरुवातीचा धक्का १४ न्यूटनच्या आसपास असतो. ८० ग्रॅमच्या रॉकेटमध्ये त्याचा अर्थ गुरुत्वाच्या सोळा-सतरापट त्वरण. किड्याचं काय झालं हे बघण्यापलीकडे त्यातून काही कळत नाही, आणि जे कळतं त्याचा कुणाला उपयोग नाही. या बाबतीत आपल्याकडचा दाखला अमेरिकेहून जुना आहे, हे जाता जाता सांगायला हवं. रॉकेटने टपाल पाठवण्याच्या ध्यासाने झपाटलेल्या स्टीफन स्मिथ यांनी २९ जून १९३५ रोजी बंगालमध्ये दामोदर नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर रॉकेटमधून एक कोंबडा आणि एक कोंबडी धाडली होती. दोन्ही जिवंत राहिली, हे त्यांचं नशीब.

आता प्रत्यक्ष कप्प्याकडे वळू. त्याचे भाग चारच: पारदर्शक नळी, तिच्या वरच्या तोंडात बसणारा नोज कोन, खालचं तोंड बंद करणारा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्याच्या बुडाला पिळून बसवलेली आकडी. ठोकळ्याचा वरचा अर्धा भाग नळीत चिकटवलेला असतो, खालचा अर्धा मुख्य नळीत नुसता सरकवलेला. आकडीला शॉक कॉर्डची दोरी आणि पॅराशूट. मोटर विझल्यावर काही सेकंदांनी तिच्यातला छोटा बार वरच्या दिशेने उडतो, त्याच्या दाबाने अख्खा कप्पा नोज कोनासकट मुख्य नळीतून सुटतो आणि पॅराशूट बाहेर ओढलं जातं.

म्हणजे इथे दोन सांधे आहेत आणि दोघांचे स्वभाव उलट हवेत. वरचा, नोज कोनाचा सांधा घट्ट. खालचा, ठोकळ्याचा सांधा सैल. हे उलटं झालं तर धक्क्याने नोज कोन निघू शकतो, आतलं सामान तीनशे मीटरवरून मोकळं खाली येतं आणि कप्पा जिथल्या तिथे राहून पॅराशूट नळीतच अडकतं. सैल म्हणजे किती सैल, याची जुनी परीक्षा सोपी आहे. रॉकेट नोज कोनाला धरून उभं उचला. स्वतःच्या वजनाने खालची नळी निसटता कामा नये. हलका झटका दिल्यावर निसटली पाहिजे. सैल वाटलं तर ठोकळ्यावर मास्किंग टेपचा एखादा वेढा, घट्ट वाटलं तर अर्धा वेढा कमी. दमट दिवशी लाकूड फुगतं आणि पुठ्ठाही, म्हणून ही परीक्षा घरी नाही, मैदानावर घ्यायची.

नळी कशाची घ्यावी, यावर शौकीन तासन्‌तास बोलू शकतात. जुन्या किटांमध्ये सेल्युलोज अ‍ॅसिटेट ब्युटिरेट असे. हलकं, स्वच्छ, पण वर्षं गेली की पिवळट पडतं आणि ठिसूळ होतं. अ‍ॅक्रिलिक काचेसारखं झळझळीत दिसतं, मात्र आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही. ट्यूबलाइट फुटून काचा पडू नयेत म्हणून तिच्यावर चढवायच्या संरक्षक नळ्या याच्या मिळतात आणि मोठी रॉकेटं बनवणारे त्या कापून वापरतात. काहीच मिळालं नाही तर ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी वापरत ती पारदर्शक शीट गुंडाळून नळी करता येते. शिवण दिसते, पण वजन नगण्य.

कापताना ब्लेडचा जोर लावू नये. नळीभोवती कागदाची सरळ कडेची पट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्या कडेने बारीक दातांची करवत फिरवत फिरवत थोडं थोडं कापायचं, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक सँडपेपरवर कड घासायची. पुठ्ठ्याच्या नळीची वेडीवाकडी कड रंगाखाली झाकता येते. इथे झाकायला जागाच नाही; कापलेलं जसंच्या तसं दिसतं.

खरी कसोटी चिकटवताना लागते. पुठ्ठ्यावर आपण बिनदिक्कत फेव्हिकॉल लावतो. गुळगुळीत प्लास्टिक तो धरत नाही, वाळला की पापुद्रा निघतो. मग हात फेव्हिक्विककडे जातो. ठोकळा चिकटतो, क्षणात पक्का होतो, आपण खूश. थोड्या वेळाने बघावं तर नळीच्या आतल्या बाजूला पांढुरका थर धरलेला असतो आणि त्यात आपल्याच बोटांचे ठसे लख्ख उमटलेले. या जातीच्या गोंदाची वाफ होते, ती जवळच्या पृष्ठभागावर, विशेषतः ओलाव्यावर आणि घामाच्या खुणांवर, बसून घट्ट होते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत वस्तूंवरचे ठसे शोधायला हीच वाफ मुद्दाम सोडतात. बंद नळीत तिला बाहेर जायला वाट नसते, म्हणून सगळा थर आतच बसतो आणि पुसायला गेलं की ओरखडे पडतात. तेव्हा इथे दोन नळ्यांतून येणारा, कालवून लावायचा इपॉक्सी गोंद बरा. सांध्याची जागा आधी सँडपेपरने खरखरीत करायची, गोंद ठोकळ्याला लावायचा, नळीला नाही, आणि नळी ठोकळ्यावर वरून चढवायची. उलट केलं तर ठोकळा नळीत शिरताना गोंद पुढे ढकलत नेतो आणि तो पारदर्शक भागात ओघळतो.

आता वजन. एक उदाहरण घेऊन हिशेब करू. नळीचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर, लांबी ४५ सेंटिमीटर, रिकाम्या रॉकेटचं वजन ३४ ग्रॅम. त्यात २४ ग्रॅमची सी६-५ मोटर. या सांकेतिक नावात बरंच भरलेलं असतं. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान, ६ हा सरासरी रेट्याचा आकडा आणि ५ म्हणजे इंधन संपल्यापासून बार उडेपर्यंतचे सेकंद. प्रत्यक्ष चाचणीत या मोटरीचा एकूण आवेग ९ न्यूटन-सेकंदांच्या जरा आत भरतो, जळण्याचा वेळ पावणेदोन-दोन सेकंद. म्हणजे उड्डाणाच्या वेळी एकूण वजन ५८ ग्रॅम. आता १५ सेंटिमीटरचा पारदर्शक कप्पा ठोकळ्यासह १० ग्रॅम आणि आत उंची मोजणारं अल्टिमीटर १० ग्रॅम. वजन झालं ७८ ग्रॅम, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढ.

उंची किती घटेल? सहज वाटतं की तितक्याच प्रमाणात. पण हवेचा रोध गृहीत धरून (रोधांक ०.६ मानून) मांडलं, तर मूळ रॉकेट सुमारे ३६० मीटर जातं आणि कप्प्यासह ३०५ मीटरच्या आसपास. वजन ३४ टक्के वाढलं, उंची जेमतेम १५ टक्के घटली. कारण असं की मोटर विझते तेव्हा हलक्या रॉकेटचा वेग जास्त असतो खरा, पण त्याच वेगामुळे हवा त्याला जास्त अडवते आणि वजन नसल्याने ते पटकन थकतं. जडाचा वेग कमी, पण ते आपली गती सहज सोडत नाही. पिसापेक्षा खडा लांब फेकता येतो, त्यातलाच प्रकार.

त्याहून गमतीची गोष्ट वेळेची. मोटर विझल्यापासून शेंडा गाठेपर्यंतचा वेळ दोन्ही रॉकेटांना जवळजवळ सारखाच येतो, सुमारे ६ सेकंद. म्हणजे ५ सेकंदांची मोटर दोघांनाही चालते. वजन वाढलं की लगेच कमी विलंबाची मोटर घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. या टप्प्यावर त्याची गरज नाही. मात्र ओझं वाढवत एकूण ११३ ग्रॅमवर नेलं, म्हणजे या मोटरीसाठी कंपनीने सांगितलेल्या मर्यादेवर, तर उंची २०० मीटरच्या खाली येते आणि विझल्यानंतरचा चढ ५ सेकंदांपुरता उरतो. त्यापुढे गेलं तर रॉकेट शेंडा गाठून उलटं झालं, तोंड खाली करून वेग घेऊ लागलं तरी बार उडत नाही, आणि उडतो तेव्हा पॅराशूटच्या चिंध्या होतात.

दुसरी अडचण जमिनीलगतची. रॉकेट सुटतं तेव्हा मीटरभर लांबीच्या सळईवरून सरकत वर जातं. सळई सोडताना त्याचा वेग सेकंदाला १३ मीटरच्या आसपास हवा, असा शौकिनांचा ठोकताळा आहे. त्याहून कमी असला तर शेपटीच्या पंखांना, म्हणजे फिनांना, पुरेशी हवा लागत नाही आणि रॉकेट कुठेही तोंड फिरवतं. आपलं ७८ ग्रॅमचं रॉकेट ही अट काठावर पास होतं. ११३ ग्रॅमचं होत नाही, निदान वाऱ्याच्या दिवशी तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये. तेव्हा कागदावरची कमाल मर्यादा आणि आपल्या मैदानावरची मर्यादा एक धरायची नाही.

तोल हा या प्रकरणातला सगळ्यात रसाळ भाग. रॉकेट हवेत सरळ राहतं ते दोन बिंदूंच्या आपसातल्या जागांमुळे. एक गुरुत्वमध्य, ज्यावर रॉकेट बोटावर तोलून धरता येतं. दुसरा दाबकेंद्र, जिथे बाजूने येणाऱ्या हवेचा एकूण जोर एकवटतो. गुरुत्वमध्य पुढे आणि दाबकेंद्र मागे असेल तर रॉकेट तिरकं होताच हवा त्याची शेपटी ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. दोन्हींत किमान एका नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं. दाबकेंद्र कागदावर काढण्याची पद्धत नासातले अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये या छंदातल्या मंडळींसाठी मांडली. त्याआधी, आणि आजही गणित नको असेल तर, गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवून बघतात. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक.

कप्पा पुढच्या टोकाला बसतो, म्हणजे गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणजे रॉकेट अधिक स्थिर. इथपर्यंत सगळे सांगतात. आपल्या उदाहरणात मात्र आकडे बघा. शेपटीपासून मोजलं तर गुरुत्वमध्य १७ सेंटिमीटरवरून २५ वर जातो, म्हणजे ८ सेंटिमीटर पुढे. नोज कोन पुढे गेल्यामुळे दाबकेंद्रही सरकतं, पण अडीच सेंटिमीटरच्या आसपास. अंतर वाढलं साडेपाच सेंटिमीटरने, म्हणजे नळीच्या दोन व्यासांहून जास्त. मुळात दीड व्यासाचा फरक असलेलं रॉकेट आता पावणेचार व्यासांवर गेलं.

एवढी स्थिरता जास्त होते. असं रॉकेट वाऱ्याची झुळूक आली की वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि वर जायचं सोडून वारा येतो त्या दिशेने तिरकं धावतं. उंची जाते, शिवाय उतरतं कुठे ते शोधत फिरावं लागतं. संथ सुटणाऱ्या जड रॉकेटात हा दोष अधिक, कारण सळई सोडताना त्याचा वेग वाऱ्याच्या मानाने कमी असतो. उपाय साधे आहेत. कप्पा गरजेपुरताच लांब ठेवा. १० ग्रॅमच्या यंत्राला १५ सेंटिमीटरची नळी लागत नाही, ८ पुरते. सामान नोज कोनाकडे न ठेवता ठोकळ्यालगत ठेवा. आणि वारा असेल त्या दिवशी पतंग उडवा.

कप्पा मुख्य नळीहून रुंद करायचा असेल, अंड्यासाठी करावाच लागतो, तर हिशेब उलटतो. अरुंद नळीवरून रुंद होत जाणारा उतार स्वतः हवेचा जोर घेतो आणि दाबकेंद्र पुढे ओढतो. जड सामान आत असेपर्यंत निभावतं. तेच रॉकेट कप्पा रिकामा ठेवून उडवलं तर ते हवेत कोलांट्या खाऊ शकतं. रुंद कप्प्याचं रॉकेट रिकामं उडवायचं नाही, असा नियमच करून टाकावा.

आता पारदर्शकपणाची किंमत. अल्टिमीटर उंची मोजतं ती हवेच्या दाबावरून. जमिनीलगत दर १०० मीटरला दाब सुमारे १२ मिलिबारने उतरतो. त्यासाठी बाहेरचा दाब आत पोचायला हवा, म्हणून नळीला छिद्र पाडावं लागतं. आपल्या मापाच्या कप्प्याला दीड-दोन मिलिमीटरचं एक छिद्र पुरतं. एक नाहीतर सारख्या अंतरावर तीन. समोरासमोर दोन पाडू नयेत, हवा एका छिद्रातून शिरून दुसऱ्यातून वाहू लागते आणि आकडे बिघडतात. छिद्र नोज कोनाच्या सांध्यापासून दूर, कड घासून गुळगुळीत केलेलं. छिद्र विसरलं तर चूक नुसत्या आकड्यांची राहत नाही. ३०० मीटरवर आतली कोंडलेली हवा नोज कोनाला दीडशे ग्रॅमहून जास्त वजनाच्या जोराने बाहेर ढकलत असते. घट्ट बसवलेला सांधाही अशा वेळी दगा देऊ शकतो.

दुसरी भानगड कमी लोकांच्या लक्षात येते. दाब मोजणारी चिप सिलिकॉनची असते आणि तिच्यावर हवेसाठी बारीक तोंड असतं. त्या तोंडातून ऊन आत गेलं की सिलिकॉन प्रकाशाला प्रतिसाद देतं आणि दाबाच्या आकड्यात भलताच फरक पडतो. पुठ्ठ्याच्या नळीत हा प्रश्नच नसतो. पारदर्शक कप्प्यात रॉकेट स्वतःभोवती फिरतं तसं चिपवर ऊन-सावली पडत राहते आणि आलेखावर नसलेल्या उंचीचे सुळके उमटतात. उपाय म्हणून चिपवर काळ्या सच्छिद्र फोमचा तुकडा ठेवतात. हवा जाते, ऊन जात नाही. थोडक्यात, आत बघता यावं म्हणून खिडकी केली आणि आतल्या यंत्राला त्या खिडकीपासून झाकावं लागलं.

कॅमेरा ठेवणाऱ्यांनाही नळीचा गोलावा नडतो. लेन्स भिंतीपासून दूर असेल तर चित्र एका बाजूने ताणलं जातं. लेन्स भिंतीला टेकवून ठेवावी, नाहीतर सरळ भोक पाडून ती बाहेर काढावी. मग पारदर्शक नळीची गरज काय, असं कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे. वर गेल्यावर ती नळी पारदर्शक आहे की काळी, हे खालून कुणालाही दिसत नाही. तिचा उपयोग उड्डाणाच्या आधी आणि नंतर. सळईवर चढवल्यावर यंत्राचा दिवा लुकलुकतोय का, फोम सरकून सामान सैल तर झालं नाही, उतरल्यावर अल्टिमीटरच्या पडद्यावर आकडा किती, हे काहीही न उघडता कळतं. घाईगर्दीच्या मैदानात या तीन गोष्टी फार मोलाच्या ठरतात.

उतरताना कप्पा फुटतो तो बहुधा जमिनीवर आपटून नाही. बार उडाला की जड कप्पा जोरात बाहेर फेकला जातो, रबरी शॉक कॉर्ड ताणली जाते आणि गुलेलीसारखी त्याला परत खेचते. तो मुख्य नळीच्या तोंडावर येऊन आदळतो. पुठ्ठ्याला अर्धचंद्रासारखी खोक पडते, प्लास्टिकला चीर जाते. दोर रॉकेटच्या लांबीच्या दुपटी-तिपटीने लांब घेतला की जोर वाटेतच जिरतो. किटातला दोर सहसा आखूड असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा.

हे सगळं वाचून आपल्याकडे करून बघायचं तर मोटर कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत ती खेळण्यांच्या दुकानात मिळते. भारतात १८८४ च्या स्फोटक कायद्याची चौकट आहे, परवान्यांचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे आणि मोटरी सहजासहजी मिळत नाहीत. म्हणून कुणी फटाक्यांची दारू काढून पाइपात ठासायला जाऊ नये. स्टाइन यांनी १९५७ मध्ये ज्याबद्दल बजावलं होतं ते हेच, आणि बोटं गेल्याच्या घटना अजून संपलेल्या नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इन-स्पेस ही संस्था इस्रो आणि अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांच्यासोबत मॉडेल रॉकेट्री आणि कॅनसॅटची स्पर्धा घेते. त्यात मोटरीची व्यवस्था जाणकारांच्या देखरेखीखाली होते. शीतपेयाच्या डब्याएवढ्या जागेत उपग्रहाचं सगळं सामान बसवायचं ही कॅनसॅटची कल्पना स्टॅनफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट ट्विग्ज यांनी १९९८ मध्ये मांडली होती. पेलोड-कप्प्याचीच ही पुढची इयत्ता.

शाळकरी मुलांसाठी पाण्याचं रॉकेट आहे. सोड्याच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपाने भरलेली हवा, आणि वर दुसऱ्या बाटलीचा कापलेला शेंडा उलटा-सुलटा न करता सरळ चढवून केलेला कप्पा. तो मुळातच पारदर्शक. दाबाची बाटली फक्त फसफसणाऱ्या पेयाचीच घ्यावी, तिला कापू-तापवू नये, दाब चार-पाच बारच्या वर नेऊ नये आणि सोडताना मोठं माणूस जवळ असावं. गुरुत्वमध्य, दाबकेंद्र, सैल आणि घट्ट सांधा, छिद्र, ऊन, सगळं इथेही तसंच लागू पडतं. फक्त सुरुवातीचा धक्का कितीतरी मोठा, म्हणून सामानाभोवती फोम जास्त.

कोणतंही रॉकेट असो, नव्या कप्प्याच्या पहिल्या उड्डाणात महागाचं अल्टिमीटर किंवा कॅमेरा घालू नका. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत तेवढ्याच वजनाची वाळू भरा, फोममध्ये घट्ट बसवा आणि उडवा. सरळ गेलं, वेळेवर उघडलं, कप्पा न तडकता उतरला, की दुसऱ्या खेपेला यंत्र आत जाऊ द्या.